बाटलीच्या तळाचा आकडा

"बाटलीच्या तळाला त्रिकोणात ७ आकडा आहे. टाकून द्यायची का?"

लहान बाळ असलेल्या घरात हा प्रश्न हल्ली हमखास निघतो. कुणाला मावशीने सांगितलेलं असतं की ५ चालतो, ७ नको. कुणी मोबाइलवर पाहिलेलं असतं की प्लास्टिक म्हणजे सगळंच विष. दुकानदार खोक्यावरचे 'बीपीए फ्री' हे शब्द दाखवतो आणि विषय संपवतो. बाळाची आई मात्र दिवसातून सात-आठ वेळा तीच बाटली हातात घेते आणि दर वेळी तिच्या मनात तीच शंका येते. या शंकेला नीट उत्तर आहे. फक्त ते एका आकड्यात मावत नाही.

हे उत्तर अंजूरपासून सुरू करण्याला कारण आहे. अंजूर म्हणजे भिवंडी तालुक्यातलं गंगाजी नाईकांचं गाव. वसई आणि साष्टी पोर्तुगिजांकडून सोडवा म्हणून ज्यांनी पेशव्यांना साकडं घातलं, ते गंगाजी नाईक अंजूरकर. आज त्याच अंजूरच्या भोवती, दिवे-अंजूर, माणकोली, दापोडा, वळ, राहनाळ, पूर्णा, काल्हेर या पट्ट्यात मैलोन् मैल गोदामं पसरली आहेत. मुंबई-ठाण्याच्या घरांत मोबाइलवरून मागवलेल्या वस्तू, बाळाच्या बाटल्यांसकट, मोठ्या प्रमाणात इथूनच निघतात. आणि याच भिवंडी तालुक्यात प्लास्टिकच्या भंगाराचीही गोदामं आहेत. नवा माल आणि मोडीत निघालेला माल, दोन्ही एका तालुक्यात पाहायला मिळतात. तळाच्या आकड्याचा अर्थ यातल्या भंगाराच्या गोदामात जास्त चांगला कळतो.

१. आकडा कुणासाठी असतो?

१९८८ मध्ये अमेरिकेतल्या प्लास्टिक उद्योगाच्या संघटनेने १ ते ७ हे आकडे ठरवले. हेतू एवढाच होता की टाकून दिलेलं प्लास्टिक पुन्हा वितळवण्याआधी ते वेगवेगळं करता यावं. कारण दोन जातींचं प्लास्टिक एकत्र वितळवलं तर माल वाया जातो. म्हणजे हा आकडा भंगार निवडणाऱ्यासाठी आहे. आईसाठी तो कधीच नव्हता.

१ म्हणजे पाण्याच्या बाटलीचं पेट. २ म्हणजे जाड पॉलिथिन, तेलाच्या आणि औषधांच्या डब्यांचं. ३ म्हणजे पीव्हीसी. ४ म्हणजे पातळ पिशव्यांचं पॉलिथिन. ५ म्हणजे पॉलिप्रोपिलिन, ज्याला बाजारात 'पीपी' म्हणतात आणि ज्याच्या आज बहुतेक दूधबाटल्या असतात. ६ म्हणजे पॉलिस्टायरिन, थर्माकोल त्याचाच. आणि ७ म्हणजे 'इतर'.

सगळा घोळ या 'इतर'मध्ये आहे. पॉलिकार्बोनेट ७ मध्ये येतं, आणि वाईट नाव झालेली बाटली ती हीच. पण मधासारख्या पिवळसर झाकेची, उकळत्या पाण्यात टिकणारी पीपीएसयूची महाग बाटलीही ७ मध्येच येते. ट्रायटन नावाच्या प्लास्टिकची येते, मक्याच्या साखरेपासून केलेलं प्लास्टिकही येतं. तेव्हा ७ पाहून बाटली टाकणं घाईचं, आणि ५ पाहून निर्धास्त होणंही घाईचंच. ५ हा आकडा प्लास्टिकचं कूळ सांगतो. त्यात रंग कोणता घातला, कच्च्या मालाचा दाणा नवा की भंगारातला, कारखान्यात तपासणी झाली की नाही, यातलं काहीही तो सांगत नाही.

२. प्लास्टिकमधून सुटतं ते काय?

भिवंडीत मागावरच्या कापडाशी ज्याचा संबंध आला आहे, त्याला ही गोष्ट लगेच पटेल. नवं कापड पाण्यात टाकलं की कधी कधी पाणी रंगतं. जो रंग धाग्याला पक्का बसला नाही, तो सुटतो. थंड पाण्यात थोडा, गरम पाण्यात जास्त, सोड्यात त्याहून जास्त. प्लास्टिकचंही असंच असतं. प्लास्टिक म्हणजे लहान रेणू एकमेकांना जोडून केलेली लांबच लांब साखळी. साखळीत नीट अडकलेला रेणू सहसा जागा सोडत नाही. पण कारखान्यात साखळ्या तयार होताना काही रेणू न जुळता तसेच राहतात. शिवाय मऊपणासाठी, रंगासाठी, टिकाऊपणासाठी मागाहून काही रसायनं मिसळलेली असतात. ती साखळीचा भाग नसतात, नुसती तिच्या फटींतून बसलेली असतात. दूध, तेल, उष्णता मिळाली की हे सुटे रेणू बाहेर यायला लागतात.

कापड मात्र चार धुण्यांनंतर रंग सोडायचं थांबतं. पॉलिकार्बोनेटचं उलट होतं. त्याच्या साखळीतले सांधेच असे असतात की उकळतं पाणी आणि तीव्र साबण वारंवार लागला तर ते उसवतात आणि मूळ रेणू पुन्हा मोकळा होतो. म्हणून या जातीची बाटली जुनी, धुरकट, ओरखडे पडलेली झाली की नवीपेक्षा जास्त रसायन सोडते. या मोकळ्या होणाऱ्या रेणूचं नाव बिस्फेनॉल ए, म्हणजेच खोक्यावरचं 'बीपीए'.

३. बीपीएची कूळकथा

बीपीए प्रथम तयार केलं १८९१ मध्ये, दियानिन या रशियन रसायनशास्त्रज्ञाने. तेव्हा त्याचा काही उपयोग सुचला नाही. १९३० च्या दशकात लंडनमध्ये चार्ल्स डॉड्स हे संशोधक स्त्रीच्या शरीरातल्या इस्ट्रोजेन या संप्रेरकासारखं काम करणारं स्वस्त रसायन शोधत होते. संप्रेरक म्हणजे शरीरातला निरोप्या. तो रक्तातून फिरतो आणि कुठल्या अवयवाने कधी वाढायचं, कधी थांबायचं याचा निरोप पोचवतो. तो अगदी सूक्ष्म प्रमाणात काम करतो. डॉड्स यांना १९३६ मध्ये दिसलं की बीपीए इस्ट्रोजेनची नक्कल करतं, पण फिक्या प्रमाणात. १९३८ मध्ये त्यांना त्याहून कितीतरी जोरदार रसायन सापडलं, डीईएस. बीपीए औषध म्हणून मागे पडलं.

डीईएस पुढे गर्भपात टळावा म्हणून लाखो गरोदर बायांना देण्यात आलं. १९७१ मध्ये अमेरिकेत उघड झालं की त्या बायांच्या काही मुलींना तरुण वयात योनिमार्गाचा दुर्मीळ कर्करोग होतो आहे. आईने घेतलेल्या गोळीचा परिणाम मुलीवर, तोही वीसएक वर्षांनी. संप्रेरकाची नक्कल करणाऱ्या रसायनांकडे शास्त्रज्ञ आज इतक्या सावधपणे का पाहतात, त्याचं मूळ या घटनेत आहे.

बीपीए मात्र दुसऱ्या दाराने घरात आलं. १९५३ मध्ये जर्मनीत आणि अमेरिकेत, जवळजवळ एकाच वेळी, बीपीएच्या रेणूंची साखळी करून पॉलिकार्बोनेट बनवलं गेलं. काचेसारखं पारदर्शक, पडलं तरी न फुटणारं. बाळाच्या बाटलीला याहून चांगलं काय हवं? पुढे कित्येक वर्षं जगभर याच्याच बाटल्या चालल्या. ज्या रेणूची संप्रेरकाशी असलेली जवळीक आधीच छापून आली होती, त्याच्याच बाटलीत बाळाला गरम दूध द्यायला कुणी हरकत घेतली नाही. मला या साऱ्या इतिहासातली हीच गोष्ट सर्वांत गंभीर वाटते.

१९९८ मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँडमध्ये पॅट्रिशिया हंट या शास्त्रज्ञ उंदरांच्या बीजांडांचा अभ्यास करत होत्या. अचानक त्यांच्या निरोगी उंदरिणींच्याही बीजांडांत गुणसूत्रांचे दोष वाढलेले दिसले. शोध घेतला तेव्हा कळलं की प्रयोगशाळेतले पॉलिकार्बोनेटचे पिंजरे आणि पाण्याच्या बाटल्या चुकून फरशी धुण्याच्या तीव्र क्षारयुक्त साबणाने धुतल्या गेल्या होत्या. प्लास्टिक खराब झालं होतं आणि बीपीए पाझरत होतं. हे संशोधन २००३ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यानंतर देशोदेशीच्या सरकारांना या विषयाकडे पाहावं लागलं. कॅनडाने २००८ मध्ये बंदीचा निर्णय जाहीर केला. युरोपीय संघाने २०११ पासून बाळाच्या बाटल्यांत पॉलिकार्बोनेट थांबवलं. अमेरिकेने २०१२ मध्ये तेच केलं. भारतात भारतीय मानक ब्यूरोने २०१५ च्या सुधारित मानकात बाळाच्या प्लास्टिक बाटलीत बीपीएला मनाई केली.

मनाई झाली म्हणून माल संपत नाही. दिल्लीच्या टॉक्सिक्स लिंक या संस्थेने २०१९ मध्ये भारतीय बाजारातल्या बाटल्यांची आणि सिपी कपांची पाहणी प्रसिद्ध केली. आयआयटी गुवाहाटीत तपासलेल्या त्या नमुन्यांत बीपीए सापडलं. म्हणून ओळखण्याचं काम अजून आपल्यावर आहे.

४. किती म्हणजे जास्त?

इथे थोडा हिशोब करू. अवघड नाही.

पाच किलोचं बाळ घ्या. ते पूर्णपणे बाटलीच्या दुधावर आहे. बाळाला दिवसाला किलोमागे साधारण १५० मिलिलिटर दूध लागतं, म्हणजे ७५० मिलिलिटर. समजा बाटलीतून दुधात एक 'पीपीबी' बीपीए उतरलं. पीपीबी म्हणजे शंभर कोटी भागांत एक भाग, म्हणजे लिटरभर दुधात एक मायक्रोग्रॅम. एका मायक्रोग्रॅमचे हजार नॅनोग्रॅम होतात. तेव्हा बाळाच्या पोटात दिवसाला ७५० नॅनोग्रॅम बीपीए गेलं.

आता हे जास्त की कमी? युरोपच्या अन्नसुरक्षा यंत्रणेने २०१५ मध्ये घातलेली मर्यादा होती वजनाच्या दर किलोमागे रोज ४ मायक्रोग्रॅम. आपल्या बाळासाठी २०,००० नॅनोग्रॅम. त्या मापाने ७५० म्हणजे काहीच नाही. पण २०२३ मध्ये त्याच यंत्रणेने नव्या संशोधनाच्या आधारावर मर्यादा वीस हजार पटींनी खाली आणली: किलोमागे ०.२ नॅनोग्रॅम. आपल्या बाळासाठी एक नॅनोग्रॅम. त्या मापाने ७५० म्हणजे मर्यादेच्या ७५० पट! जर्मनीच्या जोखीम-मूल्यमापन संस्थेला इतकी कपात मान्य नाही. तिची मर्यादा किलोमागे २०० नॅनोग्रॅम आहे. आपल्या बाळासाठी हजार, आणि ७५० त्यात बसतात.

तज्ज्ञांत मतभेद आहेत ते असे. पण दिशा पाहा. जुन्या मर्यादेपेक्षा खाली यायला हवं, यावर दोन्ही संस्थांचं एकमत आहे. डिसेंबर २०२४ मध्ये युरोपीय संघाने अन्नाला लागणाऱ्या जवळपास सर्वच वस्तूंमधून बीपीए हटवण्याचा नियम केला.

आणि बाळाचा विचार वेगळा का करायचा, तेही याच हिशोबात दिसतं. किलोमागे १५० मिलिलिटर या प्रमाणात साठ किलोच्या माणसाने प्यायचं म्हटलं तर दिवसाला नऊ लिटर दूध लागेल. शरीराच्या मानाने बाळ इतकं पितं. त्यात बीपीएचा निचरा करणारी यकृताची यंत्रणा नवजात बाळात अजून पुरती तयार झालेली नसते.

५. हातातली बाटली ओळखायची कशी?

आधी खोकं पाहा. बाळाच्या बाटलीवर आयएसआय मार्क असणं भारतात ऐच्छिक नाही. १९९२ चा बालदुग्धपर्याय आणि दूधबाटल्यांविषयीचा केंद्राचा कायदा सांगतो की मानक चिन्हाशिवाय दूधबाटली विकताच येत नाही. पण नुसतं आयएसआयचं चित्र पाहून थांबू नका. ते कुणीही छापू शकतं. चित्राच्या वर मानकाचा क्रमांक असतो. प्लास्टिकच्या बाटलीसाठी तो १४६२५ आणि काचेच्या बाटलीसाठी ५१६८. चित्राच्या खाली 'सीएम/एल' या अक्षरांपुढे परवाना क्रमांक असतो. मानक ब्यूरोचं 'बीआयएस केअर' हे मोफत अ‍ॅप मोबाइलवर घ्या आणि तो परवाना क्रमांक त्यात टाका. कोणत्या कारखान्याला, कोणत्या वस्तूसाठी परवाना आहे आणि तो चालू आहे का, ते समोर येतं. क्रमांक कुकरचा आणि छापला बाटलीवर, असली लबाडी इथे उघडी पडते. दुकानात उभ्या उभ्या होणारं हे काम आहे.

सगळ्यांत जास्त संशय घ्यावा तो बारशाला आलेल्या गिफ्ट सेटचा. चकचकीत खोकं, त्यात बाटली, खुळखुळा, पावडरचा डबा, कार्टूनचं चित्र. अनेकदा त्यातल्या बाटलीवर ना कंपनीचं नाव, ना मार्क, ना आकडा. प्रेमाने दिलेली भेट असते, टाकवत नाही. ती खेळण्यात ठेवा, दुधाला वापरू नका.

खोकं केव्हाच फेकून दिलं असेल तर? मग बाटलीच बोलती करायची. पॉलिकार्बोनेट काचेसारखं आरपार स्वच्छ असतं, बोटांनी दाबलं तर दबत नाही, नखाने टिचकी मारली तर कडक आवाज येतो. पॉलिप्रोपिलिन दुधाळ, धुरकट झाकेचं असतं आणि दाबलं तर थोडं आत जातं. पण आता स्वच्छ दिसणारं पॉलिप्रोपिलिनही निघालं आहे, त्यामुळे डोळा फसतो. त्यावर उपाय आहे पाण्याची बालदी.

बाटलीचं बूच, निपल, कडं सगळं काढा. नुसती बाटली बालदीतल्या पाण्यात आडवी बुडवा आणि आतली हवा बुडबुड्यांनी पूर्ण निघून जाऊ द्या. मग हात सोडा. पॉलिप्रोपिलिन पाण्यापेक्षा हलकं असतं. लिटरभर आकाराच्या त्याच्या ठोकळ्याचं वजन ९०० ग्रॅमच भरेल. त्यामुळे बाटली तरंगत वर येते. पॉलिकार्बोनेटचा तेवढाच ठोकळा १,२०० ग्रॅम भरतो, म्हणून ती बाटली तळाला बसते. बाटली वर आली तर ती पॉलिप्रोपिलिनची किंवा पॉलिथिनची, आणि या दोन्ही साखळ्यांत बीपीए नसतं.

बुडाली तर मात्र निकाल लागला असं समजू नका. ट्रायटन बुडतं, पीपीएसयूही बुडतं. बुडालेल्या बाटलीवर प्लास्टिकचं नाव स्पष्ट लिहिलेलं असेल आणि मार्क खरा निघाला असेल तर वापरा. नाव नाही, मार्क नाही आणि बाटली बुडते, तर ती बाळाच्या दुधातून बाद करा.

भंगाराच्या धंद्यात तुकडा लायटरवर धरून, धुराचा वास घेऊन माल ओळखतात. घरी हे मुळीच करू नका. तुकडा पीव्हीसीचा निघाला तर त्याच्या धुरात हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ असते. जे रोज पोटासाठी हा वास घेतात त्यांच्या फुप्फुसांचं काय होत असेल, हा विचार या विषयावर लिहिताना मनातून जात नाही.

६. 'बीपीए फ्री' म्हणजे कशापासून मुक्त?

फक्त बीपीएपासून. बीपीएचं नाव खराब झाल्यावर काही ठिकाणी त्याच्या जागी बिस्फेनॉल एस आलं, म्हणजे बीपीएस. त्याच घराण्यातला सख्खा भाऊ. रेणूची घडण जवळपास तीच आणि संप्रेरकाची नक्कल करण्याचा गुणही प्रयोगशाळेत दिसलेला. दुकानात 'पीईएस' लिहिलेली पिवळसर बाटली दिसली तर तिची साखळी बीपीएसच्या रेणूंची असते, आणि तिच्यावर 'बीपीए फ्री' हे खरं खरं छापलेलं असतं. ती बाटली लगेच घातक ठरते असं नव्हे, कारण तिचे सांधे पॉलिकार्बोनेटपेक्षा पक्के असतात. पण पर्याय असताना मी ती घेणार नाही.

दुसरं घराणं थॅलेट्सचं. पीव्हीसी मुळात कडक. नळाचा पाइप त्याचाच. तेच पीव्हीसी मऊ, लवचीक करायचं तर त्यात थॅलेट नावाचं तेलकट रसायन भरपूर मिसळतात. ते साखळीला जोडलेलं नसल्यामुळे सहज सुटतं, आणि तोंडातल्या लाळेतही उतरतं. म्हणून बाळाच्या बाबतीत हा प्रश्न बाटलीपेक्षा चावायच्या खेळण्यांचा आहे. दाबलं की 'चीं' करणारं बदक, दात येताना द्यायची मऊ कडी, रबरासारख्या बाहुल्या. पाकीट फोडताच डोकं चढेल असा वास आला, हाताला तेलकट लागलं, तर ते बाळाला देऊ नका. १ जानेवारी २०२१ पासून भारतात १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा आहे, आणि खेळण्यांच्या मानकात थॅलेट्सवरही मर्यादा आहे. जत्रेतल्या आणि सिग्नलवरच्या खेळण्यांवर हा मार्क क्वचितच असतो.

७. खरी परीक्षा उष्णतेची

बाटली चांगली निवडली तरी ती वापरायची कशी, हे निवडीइतकंच महत्त्वाचं. २०२० मध्ये आयर्लंडमधल्या ट्रिनिटी कॉलेजच्या संशोधकांनी पॉलिप्रोपिलिनच्या बाटल्या तपासल्या, म्हणजे आपण सुरक्षित म्हणतो त्याच. दूध तयार करण्याच्या नेहमीच्या पद्धतीत लिटरमागे १.६ कोटीपर्यंत सूक्ष्म प्लास्टिक कण सुटत होते. २५ अंशाच्या पाण्यात ही संख्या सहा लाखांवर होती, आणि ९५ अंशाच्या पाण्यात साडेपाच कोटींवर गेली. हे कण शरीरात काय करतात यावर काम चालू आहे. पण उष्णता वाढली की कण वाढतात, एवढं त्यातून पक्कं झालं.

यावर काही घरांत उपाय केला जातो: पावडरचं दूध कोमट पाण्यातच कालवायचं. हे करू नका. दुधाची पावडर जंतुरहित नसते. तिच्यातले जंतू मरावेत म्हणून जागतिक आरोग्य संघटना निदान ७० अंश गरम पाणी वापरायला सांगते. रसायनाच्या भीतीने जुलाब आणि जंतुसंसर्ग ओढवून घेतला तर बाळाचं जास्त नुकसान होईल. आपल्याकडे बाटलीच्या दुधाने बाळ आजारी पडतं ते बहुतेक वेळा अस्वच्छ बाटलीमुळे. हे विसरून बीपीएची चर्चा करण्यात अर्थ नाही.

दोन्ही साधायचं असेल तर मार्ग स्वयंपाकघरातच आहे. पाणी स्टीलच्या पातेल्यात उकळा. बाटली उकळून निर्जंतुक करा, ती गार होऊ द्या, मग उकळून गार केलेल्या पाण्याने तीनदा विसळा. सुटलेले कण त्यात बरेचसे निघून जातात. दूध स्टीलच्या भांड्यातच गरम पाण्याने तयार करा. भांडं थंड पाण्यात धरून दूध कोमट झालं की मगच बाटलीत ओता. बाटलीत दूध घालून मायक्रोवेव्हमध्ये ठेवू नका. तारेच्या घासणीने घासू नका, ब्रश वापरा. ओरखड्यांत जंतूही बसतात. धुण्याचा सोडा, ब्लीच बाटलीला लावू नका. हंट यांच्या प्रयोगशाळेत काय झालं ते आठवा. बाटली धुरकट झाली, वास धरू लागली, निपल चिकट झालं की बदला. परवडत असेल तर काचेची बाटली घ्या. फुटण्याचा धोका सोडला तर या प्रकरणातल्या तक्रारी तिला लागू होत नाहीत.

८. बाटलीबाहेरचं प्लास्टिक

टपरीवरचा उकळता चहा पातळ पिशवीत बांधून आणणं बंद करा. किटली किंवा थर्मास न्या. गरम रस्सा, डाळ यांचंही तेच. काळ्या प्लास्टिकच्या डब्यांपासून आणि चमच्यांपासून लांब राहा. काळा रंग सगळं झाकतो, आणि युरोपातल्या तपासण्यांत काळ्या वस्तूंमध्ये जुन्या टीव्ही-संगणकांच्या खोक्यांतली आगरोधक रसायनं सापडली आहेत. भंगाराचा दाणा कुठून कुठे जातो याची ती साक्ष आहे. पाण्याच्या वीस लिटरच्या निळसर जारच्या तळाला ७ असेल आणि तो टेम्पोत, गच्चीवर उन्हात तापत असेल, तर त्यातलं पाणी बाळाच्या दुधाला घेऊ नका. मॉलच्या गुळगुळीत पावत्यांच्या कागदावर बीपीए किंवा बीपीएस असू शकतं. बाळाच्या हातात खेळायला देऊ नका. मेलामाइनच्या रंगीत ताटल्या गार खाण्यापुरत्या ठीक, उकळती खीर त्यांत वाढू नका.

९. बाटली लागतेच का?

बाळाला पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, हे वाक्य इतकं ऐकलेलं आहे की ते कानावरून जातं. पण गोदामातली, यंत्रमागावरची, घरकामाची पाळी धरणाऱ्या बाईला ते पाळता येईल अशी सोय कितीदा मिळते? तिने बाटली घेतली म्हणून तिला बोल लावायचा अधिकार कुणाला नाही. तिला दुसरा रस्ता सांगता येतो. स्वतःचं दूध स्वच्छ स्टीलच्या वाटीत काढून, झाकून ठेवायचं आणि घरच्यांनी ते वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने पाजायचं. आजीच्या पेटीतलं चांदीचं बोंडलं आज बारशात नुसतं मिरवतं, पण तशाच चोचीच्या भांड्याने नवजात अतिदक्षता विभागातही बाळांना दूध पाजतात. त्याला निपल नाही, कोनेकोपरे नाहीत, प्लास्टिक नाही. आणि उकळून घेणंही सोपं.

१९९२ चा कायदाही याच विचारातून आला. दूधबाटलीची जाहिरात करणं, नमुने फुकट वाटणं, विक्री वाढवायला आमिष दाखवणं त्याने गुन्हा ठरवलं. या कायद्याच्या अंमलबजावणीला महाराष्ट्राचा हात लागलेला आहे. स्तनपानासाठी काम करणारी 'बीपीएनआय' ही संस्था १९९१ मध्ये वर्ध्यात स्थापन झाली. कायदा मोडणाऱ्यांविरुद्ध तक्रार करण्याचा अधिकार सरकारने ज्या मोजक्या संस्थांना दिला, त्यांत ही संस्था होती आणि मुंबईची 'अ‍ॅकॅश'ही होती.

पण संस्था प्रत्येक दुकानात जाऊ शकत नाही, ग्राहक जाऊ शकतो. मार्क नसलेली दूधबाटली विकायला ठेवलेली दिसली, मग ती अंजूरफाट्यावरच्या दुकानात असो की मोबाइलच्या पडद्यावर, तर तिचा फोटो काढा आणि 'बीआयएस केअर'वर तक्रार नोंदवा. अशी बाटली विकणं बेकायदा आहे, आणि तक्रार करायला पैसे लागत नाहीत.